राजा नसलेल्या देशात रमाबाई

दिग्रस तालुक्यातल्या आम्ही बचत गटाच्या कार्यकर्त्या बोलतोय.

गटाची अध्यक्ष बदलायची वेळ आली की बाया म्हणतात, "राहू द्या ना ताई, तिलाच राहू द्या. तिला बँकेतलं समजते." म्हणून आज पंडिता रमाबाईंच्या एका पुस्तकाबद्दल सांगतो.

आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, त्या समारंभाला रमाबाई मार्च १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या. वय सत्तावीस, नवरा वारलेला, सोबत लहानगी मनोरमा. तिथे त्या अडीच वर्षांहून जास्त राहिल्या, फिरल्या, आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे पुस्तक आपल्या मराठीत काढलं. तेव्हा देशावर इंग्लंडच्या राणीचं राज्य. आपलं वऱ्हाड तर कागदावर निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा. अशा वेळी एक बाई लिहिते, की राजाशिवायही देश चालतो! तिथला राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी निवडलेला. मुदत संपली की तोही चारचौघांसारखा नागरिक.

हा देश बघायला त्याआधी शंभर वर्षं एक इंग्रज बाई गेली होती, कॅथरीन मॅकॉले. तिने इंग्लंडचा इतिहास आठ खंडांत लिहिला, आणि तोही राजांच्या मनमानीविरुद्ध. १७८५ मध्ये ती जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या घरी पाहुणी होती. इतिहास लिहिणं बाईचं काम नाही, असं तेव्हा तिकडेही म्हणत.

रमाबाई मात्र नुसत्या भारावल्या नाहीत, हे आम्हाला फार आवडतं. काळ्या लोकांना आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कसं वागवतात, तेही त्यांनी लिहिलं. बायकांना बहुतेक ठिकाणी मत नव्हतं. देशभर तो हक्क मिळायला १९२० उजाडलं. पण मत नसतानाही बाया संघटना काढत, सभा घेत, हिशेब ठेवत. रमाबाईंना त्याचं मोठं कौतुक.

आपल्याला मत पहिल्या निवडणुकीपासून आहे, पंचायतीत निम्म्या जागा आहेत. तरी सरपंचबाईंच्या खुर्चीत नवरा बसलेला आपण पाहतो, आणि गटात ठराव वाचून न दाखवताच सह्या होतात.

तर पुढच्या बैठकीत इतिवृत्त मोठ्याने वाचायला लावा. आणि बँकेत जाताना अध्यक्ष-सचिवासोबत दर वेळी एक नवी बाई न्या, पासबुक तिच्या हातात द्या.