संगणकाची किल्ली कोणापाशी?

शाळेतील वा कचेरीतील संगणकावर एखादे नवे सॉफ्टवेअर बसवू गेले, की तो अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतो. वीस वर्षे शिकविणाऱ्या शिक्षकालाही तो अडवितो. आपल्यावर एवढा अविश्वास का, असे मनात येणे साहजिक आहे.

पण येथे माणसाच्या सचोटीची परीक्षा नसते. सॉफ्टवेअर चालविणाऱ्याचे जे अधिकार, तेच त्या सॉफ्टवेअरला मिळतात. यजमान सज्जन असला तरी त्याने घरात घेतलेला पाहुणा तसाच असेल, याची हमी कोण देणार? जून २०१७ मध्ये न्हावा-शेवा बंदरातील एका टर्मिनलचे काम संगणक बंद पडल्यामुळे खोळंबले. मूळ होते दूर युक्रेनमध्ये. तेथे हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित आवृत्तीतून ‘नॉटपेट्या’ नावाचा घातक प्रोग्राम शिरला, आणि संगणकांच्या स्मृतीतून अ‍ॅडमिनिस्ट्रेटरांचे पासवर्ड चोरून एकामागून एक यंत्रे निकामी करीत गेला. ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या मनात काहीच वाईट नव्हते.

अधिकार वेगळे ठेवण्याची ही रीत इंदूरला अपरिचित नाही. होळकरांच्या राज्यात खासगी आणि दौलत ही खाती निराळी असत. अहिल्याबाईंनी दूरदूरच्या तीर्थक्षेत्री घाट व मंदिरे बांधली, ती खासगीच्या पैशातून. त्याचप्रमाणे ज्याच्यापाशी अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड आहे, त्यानेसुद्धा रोजचे काम साध्या खात्यातूनच करावे.

काही सॉफ्टवेअर पासवर्डावाचूनही वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरात बसते. सामाईक संगणकावर ही आडवाटही टाळावी. तेथून घातक प्रोग्राम आला, तर यंत्र कदाचित बचावेल. पण त्या खात्यातील प्रश्नपत्रिका आणि मुलांची गुणपत्रके त्याच्या हाती जातील.

मात्र किल्ली बाळगणाऱ्यावरही जबाबदारी येते. गणिताच्या शिक्षकाने ‘जिओजेब्रा’ मागितले आणि महिनाभर उत्तरच आले नाही, तर पासवर्डाची चिठ्ठी लवकरच फळ्याशेजारी चिकटलेली दिसेल, आणि मग सारीच व्यवस्था फोल ठरेल. म्हणून प्रत्येक संस्थेने मागण्यांची एक वही ठेवावी, दोन दिवसांत उत्तर द्यावे, आणि नकार द्यायचा झाल्यास त्याचे कारण लिहावे. एवढे झाले, तर शिक्षक आनंदाने थांबेल, आणि त्याने थांबावेही.