गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात फादर

जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो, संमेलनाचे पहिले ख्रिस्ती अध्यक्ष. त्यांच्या निवडीला विरोध झाला होता. पाठीच्या दुखण्यानं ते बेजार होते. तरी आले, आणि मोकळेपणानं बोलले.

चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या तेरच्या संत गोरोबाकाका कुंभारांच्या जिल्ह्याला हा पाहुणा शोभणाराच होता. फादरांची श्रद्धाही चर्चच्या दाराशी थांबली नाही. वसईत बिल्डरांची नजर हिरव्या वाड्यांवर पडली, विहिरींचं पाणी टँकर भरभरून जाऊ लागलं, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीसोबत ते रस्त्यावर उतरले. शेजाऱ्यावर प्रेम करायचं, तर त्याची विहीर कोरडी पडता कामा नये. मला त्यांच्या कामाचं मर्म हेच वाटतं.

‘सुवार्ता’ मासिक त्यांनी अनेक वर्षं संपादित केलं. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळालेलं त्यांचं ‘सुबोध बायबल’ गावच्या वाचनालयात असेल, तर जरूर मागून घ्या. धर्म कोणताही असो, मराठी वाचकाला ते आपलंसं वाटेल.