पोळी, भाकरी आणि सोनोग्राफी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर. काही वर्षांपूर्वी आठ वर्षांची एक मुलगी माझ्याकडे तपासणीसाठी आली. हातपाय काडीसारखे, पोट मात्र फुगलेलं. अंगात रक्त कमी. जंतांची औषधं, टॉनिकं, सगळं करून झालं होतं. पडद्यावर मला पोटातल्या गाठी वाढलेल्या दिसल्या आणि रिपोर्टात मी क्षयाची शंका लिहिली. सहा महिने तिनं टीबीच्या गोळ्या घेतल्या. वजन काही वाढेना. अखेर रक्ततपासणी झाली, दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला, तेव्हा खरा आजार कळला: सिलिअ‍ॅक.

गहू आणि जव यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. काही माणसांत शरीराची प्रतिकारशक्ती त्यामुळे स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आतड्याचं मखमली अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. गव्हाशी असलेला हा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात मांडला.

त्या मुलीचे जुने फोटो मी पुन्हा काढून पाहिले. लहान आतड्याची वेटोळी रुंद झालेली, पाण्यानं भरलेली; आतल्या घड्या विरळ. हे सारं मला दिसलं होतं, पण मी फक्त गाठीच मोजल्या!

म्हणून आता मी थांबून पाहतो. आतड्यात पाणी साठलंय का, त्याची हालचाल फार वाढलीय का, वरच्या भागातल्या घड्या कमी झाल्यात का? या खुणा एकत्र दिसल्या तर शंका घ्यावी. शंकाच, निदान नव्हे. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून आजार नाही, असंही समजू नये. निदान रक्तातल्या प्रतिपिंडांवरून आणि गरजेप्रमाणे आतड्याच्या तुकड्यावरून होतं. आणि एक लक्षात ठेवा: तपासण्या पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

निदान झालं की मात्र पथ्य जन्मभराचं. पोळी, रवा, मैदा, शेवया बंद. बाजारच्या हिंगातही बहुधा गव्हाचं पीठ असतं. पण आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ आहेत. फक्त पीठ गव्हाच्या चक्कीवर दळलेलं नसावं.

वर्षभरानं ती मुलगी पुन्हा आली. उंची वाढली होती, गाल भरले होते. पडद्यावर वेटोळी आवळलेली, गाठी लहान झालेल्या. पथ्य लागू पडतंय की नाही, हे रक्ततपासणी आणि वजन-उंची सांगतातच. सोनोग्राफी त्याला जोड देते, तीही सुई न टोचता.

तिची आई म्हणाली, “डॉक्टर, आता घरात सगळेच भाकरी खातो.”

आज अशा खुणा दिसल्या, की रिपोर्टाच्या शेवटी मी एक ओळ लिहितो: ‘सिलिअ‍ॅकसाठी रक्ततपासणी करावी.’ ती ओळ त्या मुलीच्या रिपोर्टात मी सहा महिने आधी लिहायला हवी होती.