ड्रायव्हरची टिपणे आणि ती तपासणारे



मोटार हाकणाऱ्या ड्रायव्हरांच्या संघटनेचे काम आम्ही पुष्कळ केले. आजचा ड्रायव्हर निराळा. संगणकाला छपाईयंत्र जोडले, की त्या यंत्राची बोली ऑपरेटिंग सिस्टिम नावाच्या कारभाऱ्याला समजावून देणारा दुभाषा लागतो. तोच हा ड्रायव्हर. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा आरंभ केला. तिच्या गाभ्यातील निम्म्याहून अधिक ओळी आज ड्रायव्हरांच्याच आहेत.

हे दुभाषे घडविणाऱ्यांसाठी नियमांची टिपणे असतात, पुष्कळदा त्या त्या प्रोग्रामच्या डोक्यावरच लिहिलेली. ती तपासणे म्हणजे शुद्धलेखन, पोरासोरांचे काम, असे कित्येक मानतात. करारनाम्यातील एका शब्दासाठी मालकाशी रात्र रात्र वाद घातलेल्या आमच्यासारख्यांना हे पटणे शक्य नाही.

असे पाहा. गाभ्यातील काही कामे ‘झोपू’ शकतात. मेमरीत जागा हवी आहे आणि ती लगेच मिळत नाही, तर काम थांबते व प्रोसेसर दुसऱ्याच्या हाती देते. यात गैर काही नाही. जेवणाच्या सुट्टीत बदली कामगार यंत्रावर उभा राहतो, तसेच हे. पण उपकरणाने तातडीची हाक दिली, म्हणजे इंटरप्ट आला, तर तिला ओ देताना झोपायची सोय नाही. स्पिनलॉक नावाचे कुलूप हाती असतानाही नाही. झोपलाच, तर त्या कुलपासाठी खोळंबलेला दुसरा प्रोसेसर जागच्या जागी गरगरत राहतो, आणि सारे यंत्र गोठू शकते. म्हणून टिपणात ‘कॉन्टेक्स्ट’ या सदराखाली ‘हे काम झोपू शकते’ एवढे वाक्य हवेच.

आता तपासनीस भाषा सुधारायला बसला. मूळ वाक्य ओबडधोबड: ‘कुलूप धरून बोलावू नये.’ त्याने ते गुळगुळीत केले: ‘कुलूप धरण्याची गरज नाही.’ झाले! मनाईची मुभा झाली. तेव्हा प्रोग्राम शेजारी ठेवल्यावाचून टिपणाला हात लावूच नये. प्रोग्राम बदलतो नि टिपण जुनेच राहते, हेही नित्याचे. असे शिळे टिपण सुबक भाषेत असले तर अधिकच घातक, कारण त्यावर विश्वास बसतो. टिपणातील नाव चुकले तर इशारा देणारे साधन आहे. मजकूर खरा की खोटा, हे मात्र माणसानेच पाहायचे.

लिनक्समध्ये दुरुस्तीखाली करणाऱ्याची सही असते. ही रीत २००४ पासूनची. तपासणाऱ्याचेही नाव ‘रिव्ह्यूड-बाय’ म्हणून नोंदले जाते. त्या नोंदीचा अर्थ असा की, आम्ही तपासले, आम्हांस योग्य वाटते, मात्र ते चालेलच अशी हमी नाही. कोणाला ही पळवाट वाटेल. आम्हांला ती प्रामाणिकपणाची खूण वाटते. नव्या मालावर मजुरी मोजायची आणि तपासणीचा वेळ हिशेबातच धरायचा नाही, ही चाल आम्ही कारखान्यांत पाहिलेली आहे. इथे निदान हजेरी तरी लागते. तिचे दाम मिळतात का, हा वाद आम्ही सोडलेला नाही.

ही टिपणे सर्वांना खुली आहेत. आपल्या गावच्या पॉलिटेक्निकमधील मुलांनी पहिली दुरुस्ती इथेच करावी. आधी तो ड्रायव्हर वाचावा. आणि वाक्याचा अर्थ लागला नाही, तर ते न बदलता लिहिणाऱ्याला विचारावे.