आधी मोजा, मग तापवा



वाडीत चिकूच्या झाडापर्यंत पाणी पोचलं नाही, तर आपण लगेच मोटर उतरवत नाही. आधी व्हॉल्व्ह पाहतो, मग फिल्टर, मग नळी. पण मुलाच्या हातातला गेम कन्सोल चार्ज होईनासा झाला की आपणच दुकानात जाऊन सांगतो, “पिन बदलून द्या.” दुकानदारही बदलून देतो. माझी तक्रार या घाईबद्दल आहे.

माझ्याकडे दुरुस्तीला जास्त करून निन्टेंडो स्विच येतो, २०१७ साली बाजारात आलेला. त्याच्या टाइप-सी पिनला चोवीस संपर्क असतात. वीज ज्यांतून येते ते व्हीबस. त्यांच्या अगदी शेजारी सीसी नावाचे दोन, एक वरच्या ओळीत, एक खालच्या. सीसीतून वीज नव्हे, बोलणं चालतं. कोणीतरी जोडलंय हे सीसीवर कळेपर्यंत चांगला चार्जर व्हीबसवर काही सोडतच नाही. कळलं की पाच व्होल्ट देतो. मग बोर्डावरचा एम९२टी३६ हा आयसी त्याच्याशी बोलून पंधरा व्होल्ट मागून घेतो. पुढे बीक्यू२४१९३ हा आयसी ती वीज बॅटरीला झेपेल अशी करून भरतो.

आता आपल्या हवेचं बघा. समुद्र हाकेवर आहे. खारी दमट हवा पिनमध्ये शिरते, तांब्यावर हिरवा थर चढतो. व्हीबस आणि सीसी शेजारी-शेजारी असल्याने त्या थरातून पंधरा व्होल्ट सीसीवर उतरले, तर नाजूक एम९२टी३६ जळू शकतो. म्हणून पावसाळ्यात कन्सोल ओल्या हाताने चार्जिंगला लावू नका.

एका मुलाचा कन्सोल माझ्याकडे आला तेव्हा त्याची पिन दोनदा बदलून झाली होती. मी चार्जर आणि कन्सोलच्या मध्ये यूएसबी मीटर लावला. वायर एका बाजूने घातली तर पंधरा व्होल्ट. उलटी करून घातली तर शून्य. कन्सोल उघडण्याआधीच निम्मं निदान झालं. एका बाजूने सगळं नीट चालतंय, म्हणजे दोन्ही आयसी बहुधा शाबूत. बिघाड दुसऱ्या सीसीच्या वाटेवर. उघडून बॅटरी सोडवली, मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवला, लाल टोक ग्राउंडला. एका सीसीवर आकडा आला, दुसऱ्यावर ओएल, म्हणजे वाट तुटलेली. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की पिन काढता-लावताना उष्णतेने बोर्डावरचा तांब्याचा पॅडच उखडला होता. केसाएवढ्या तारेचा जंपर टाकला आणि काम झालं. मूळ दोष काय होता, हे आता कधीच कळणार नाही. कदाचित नुसता खार असेल, ब्रश आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) निघून गेला असता.

वायर उलटसुलट करूनही पाचच व्होल्ट येत असतील, तरी लगेच हॉट एअर गन उचलू नका. बॅटरी पार उतरलेली असली की बराच वेळ तेवढेच दिसतात. अर्धा तास थांबा. त्यानंतरही आकडा हलला नाही, तर संशय एम९२टी३६वर. बॅटरी सोडवून त्याच्या भोवतीच्या कपॅसिटरांवर मल्टिमीटर धरा. शून्याच्या जवळ आकडा आला तर तिथे शॉर्ट शोधायचा. पंधरा व्होल्ट येतात पण करंट जवळजवळ नाही आणि बॅटरीही भरत नाही, असं असेल तर पुढे सरका, बीक्यूकडे आणि बॅटरीकडे. आणि बॅटरी फुगलेली दिसली तर मोजमाप तिथेच थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, पुन्हा चार्जिंगला तर मुळीच लावू नका.

दुरुस्तीला कन्सोल द्याल तेव्हा दुकानदाराला एवढंच विचारा: मीटरवर व्होल्ट किती आले, आणि वायर उलटी करून पाहिली का? मागच्या टेबलावर मी एक बंद बोर्ड आणि मल्टिमीटर ठेवला आहे, बॅटरी काढून. ज्या मुलांना दोन्ही सीसी स्वतः मोजून पाहायचे असतील, त्यांनी थांबावं.