बाबांची फाइव्ह-फॉर्टी आणि माझी एक चूक

आधी पत्ता सांगतो, कारण दर वेळी घोळ होतो. वांगणी म्हटलं की लोकांना बदलापूरच्या पुढचं लोकलचं स्टेशन आठवतं. ती नव्हे. आमची वांगणी जव्हार-मोखाड्याकडची. इथं लोकल नाही, एसटी आहे, आणि एसटी चुकली की जीप.

त्या जीपबद्दलच आज बोलायचंय. आमच्या अंगणात एक महिंद्रा एमएम ५४० उभी आहे, १९९१ सालची. बाबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा मी तिसरीत होतो. पाड्यावरच्या बाया अडल्या की आधी डोली करून माणसं रस्त्यापर्यंत आणायची, आणि तिथून पुढं ही गाडी जव्हारच्या कुटीर रुग्णालयात न्यायची. माझ्या दोन चुलत भावंडांचा जन्म तिच्यामुळं वेळेत झाला असं आत्या अजून सांगते. एकाचा तर गाडीतच झाला, पण तो किस्सा आत्याच्याच तोंडून ऐकावा.

मग बोलेरो आल्या, रस्ते थोडे सुधारले, बाबांचे गुडघे दुखायला लागले. गाडी सहा पावसाळे ताडपत्रीखाली पडून राहिली. तुम्हाला आमचा पाऊस माहीत नसेल. जव्हार सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे, आणि जून ते सप्टेंबर इथं पत्र्याला सुकायला सवडच मिळत नाही. भंगारवाला अंगणात येऊन तीस हजार बोलून गेला. मोठा भाऊ म्हणाला, देऊन टाक. बाबा काहीच बोलले नाहीत, उठून गोठ्यात गेले. तेव्हा मी ठरवलं की ही मी उभी करणार.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्याचा दुरुस्तीशी थेट संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत विलीज आणि फोर्डनं जी जीप बनवली, तिची जुळणी महिंद्रानं १९४७ साली मुंबईत सुरू केली. पुढं सीजे-३बी हे मॉडेल आलं, उंच बॉनेटचं. अमेरिकेत ते १९६८ च्या सुमारास बंद पडलं, आपल्याकडं मात्र कितीतरी वर्षं चालू राहिलं. ५४० ही त्याच घराण्यातली, फक्त पोटात प्यूजोचं डिझेल इंजिन, २११२ सीसी. म्हणजे काय, तर शिडीसारखी चॅसी, खाली पाटे, वर नटबोल्टनं बसवलेली बॉडी. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. १७ नंबरचा पाना, हातोडी आणि धीर असला की निम्मी गाडी उघडते. म्हणूनच आपल्यासारख्यांना जमतं.

पहिलं काम रंगाचं नाही. हे मी हात जोडून सांगतो. यूट्यूब बघून पोरं आधी रंग आणि मोठे टायर घेतात. तुम्ही आधी गाडीखाली झोपा आणि छोट्या हातोडीनं चॅसी वाजवत जा, पुढून मागपर्यंत. चांगलं लोखंड ठणकन वाजतं. गंजलेलं भद्द वाजतं, आणि कधी कधी हातोडी आतच जाते. आमच्या गाडीत मागच्या पाट्याचा हँगर जिथं चॅसीला धरतो तिथं वीतभर जागा पार कुजली होती. वरून रंग शाबूत, आत पापड.

वेल्डिंग मी स्वतः केलं नाही. जव्हारच्या एका मिस्त्रींकडून करून घेतलं आणि शेजारी बसून शिकलो. आधी डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीच्या दोन्ही तारा काढल्या. कुजलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला. मी पट्टी चौकोनी कापून आणली होती, ती त्यांनी बाजूला फेकली. म्हणाले, "सरळ उभी शिवण मारलीस तर चॅसी तिथंच तुटेल, पोरा. टोकं तिरपी काप, माशाच्या तोंडासारखी." तिरप्या शिवणीवर ताण पसरतो, एका रेषेत गोळा होत नाही. आणि चॅसी नंबर जिथं ठोकलेला आहे तिथं ग्राइंडर लावू नका. तो नंबर खराब झाला तर आरटीओत गाडी तुमची आहे हे सिद्ध करता करता म्हातारे व्हाल.

इंजिननं फार त्रास दिला नाही, त्यामुळं त्याबद्दल थोडक्यात. टाकी धुतली, फिल्टर बदलला, ऑइल बदललं, हीटर प्लग एकेक काढून बल्बची तार लावून तपासले, चारातले दोन मेले होते. डिझेल इंजिन उघडलं की पाइपात हवा शिरते, आणि हवा आहे तोवर तुम्ही बॅटरी संपेपर्यंत सेल्फ मारा, ते सुरू होणार नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचं, बुडबुडे थांबून नुसतं डिझेल यायला लागलं की आवळायचा. तिसऱ्या प्रयत्नाला तिनं काळा धूर सोडला आणि आमची कोंबडी दोन दिवस अंगणात आली नाही.

आता ब्रेक. खरं तर आजचा सगळा भाग यासाठीच रेकॉर्ड करतोय.

आमच्या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर तेल ढकलतो, प्रत्येक चाकातला छोटा सिलिंडर ते घेऊन ब्रेकशू बाहेर दाबतो. सगळ्या चाकांना मिळून एकच लाइन. म्हणजे कुठंही एका जागी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. मी चारही सिलिंडर उघडले, नवे किट आणले. मास्टरचं किट मात्र मिळालं नाही. मग मी काय केलं, मास्टरचे जुने रबर कडक वाटत होते म्हणून मऊ पडावेत, साफ व्हावेत, अशा हिशेबानं रात्रभर डिझेलच्या डब्यात बुडवून ठेवले. सकाळी मऊ झाले होते. मी खूश.

ज्यांना माहीत आहे त्यांनी आत्ताच कपाळाला हात लावला असेल. ब्रेकचं रबर खनिज तेलाला सोसत नाही. डिझेल, पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल, ग्रीस, काहीही लागलं की ते फुगतं. मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं, पेडल सोडल्यावर तेल त्यातून परत वर डबीत जातं. रबर फुगलं की ते भोक बुजतं. तेल परत जात नाही, शू ड्रमला घासतच राहतात, ड्रम तापतो, तेल तापून उकळतं. उकळलं की पाइपात वाफ, आणि वाफ दाबली जाते. मग पाय पेडलवर असून नसल्यासारखा.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की पेडल जरा कडक आहे. मला वाटलं, नवं काम आहे, बसेल हळूहळू. बाबा म्हणाले, "चल, एक चक्कर मारू." सहा वर्षांनी ते त्या गाडीत बसत होते. धुतलेली टोपी घातली होती त्यांनी. आम्ही जव्हार ओलांडून विक्रमगडच्या बाजूला घाट उतरायला लागलो. गाडी ओढत नाहीये हे जाणवत होतं. जळका वास आला, तो मला क्लचचा वाटला. तिसऱ्या वळणावर पेडल सरळ फळीला टेकलं.

बाबा ओरडले नाहीत. "दुसरा टाक," म्हणाले. मी तिसऱ्यातून दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं. "आता हँडब्रेक. झटकू नको, धरून धर." या गाडीचा हँडब्रेक चाकांच्या तेलावर नाही, मागच्या प्रोपेलर शाफ्टवर तारेनं लागतो, म्हणून तो जिवंत होता. मी धरला, सोडला, धरला. डोंगराच्या बाजूची मोरी दिसली, तिथं डावी चाकं गटारात घातली आणि गाडी कलून थांबली. उजवीकडं काय होतं ते मी पाहिलं नाही. बाबांनी पाहिलं.

ते खाली उतरले, एका दगडावर बसले आणि बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, "रबर कशात धुतलेस?" मी सांगितलं. "मला विचारायचंस रे," एवढंच म्हणाले. घरी आम्ही दुसऱ्याच्या गाडीतून आलो. पुढं महिनाभर त्यांनी जीपकडं पाहिलं नाही, आणि भावानं भंगारवाल्याला फोन लावला. मी त्याला अडवलं नाही, अडवायला तोंडच नव्हतं. बाबांनीच फोनवर नको सांगितलं.

मग आम्ही दोघांनी मिळून पुन्हा ब्रेक उघडला. या वेळी कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात दोन फेऱ्या मारल्या, पण जुनं घेतलं नाही. मास्टर सिलिंडर अख्खा नवा, नंतर नाशिकहून मागवला. चाकांतली सगळी रबरं पुन्हा बदलली, कारण तेच दूषित तेल तिथवर गेलेलं. पाइप स्पिरिटनं धुऊन वाळवले. रबर लावताना बोट फक्त ब्रेक ऑइलमध्ये बुडवायचं, दुसऱ्या कशात नाही. ब्रेक ऑइल सीलबंद डब्यातलंच घ्या. उघडा राहिलेला डबा हवेतला ओलावा पितो, आणि आमच्याकडं ओलावा फुकट आहे. हवा काढताना सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. बाबा पेडलवर, मी खाली. "दाब." "धरलंय." "सोडा." असं दुपारभर. शेवटी प्रत्येक चाक जॅकवर उचलून हातानं फिरवलं. पेडल सोडल्यावर चाक मोकळं फिरलं नाही तर गाडी अंगणाबाहेर काढायची नाही. ही तपासणी मी पहिल्यांदा केली असती तर पाच मिनिटं लागली असती.

कागदांचं एक. पंधरा वर्षं झालेल्या खाजगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, तपासणी करून, वर हरित कर. आणि हौसेनं इंजिन, चॅसी बदलणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल ध्यानात ठेवा: कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेविरुद्ध फेरफार चालत नाही. मंडी डबवालीहून रंगवून आलेल्या उघड्या जीप रीलमध्ये छान दिसतात, आरटीओच्या दारात नाही.

आमची गाडी तपासणीला अजून गेलेली नाही. पुढच्या उजव्या हबमधून ग्रीस गळतंय, किंगपिनचं बेअरिंग वाजतंय, आणि हॉर्न लागला तर वायपर चालू होतो, ते का ते आम्हा दोघांनाही सापडलेलं नाही. काल संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बाबा एकटेच ड्रायव्हरच्या सीटवर बसून पेडल दाबून बघत होते. मला बघून म्हणाले, "रविवारी हब उघडू. आणि डिझेलचा डबा त्या बाजूला ठेव, माझ्या नजरेसमोर."