पेटी मागितली, टाळ मिळाले



नोकरीतून निवृत्त झाल्यावर माणसाला जुन्या हौशी आठवतात. मला पेटी आठवली. लहानपणी शेजाऱ्यांच्या पेटीचा भाता हलवायला मिळावा म्हणून मी त्यांची दळणं आणून दिली आहेत. पुढं शिक्षण, बँकेतली नोकरी आणि बदल्या यांत पेटी राहून गेली. निवृत्तीनंतर वर्षभर शिकवणी लावली, चार अभंग बोटांत बसवले आणि एका गुरुवारी आमच्या कॉलनीतल्या भजनी मंडळात जाऊन बसलो.

मंडळ म्हणजे पंधरा-वीस माणसांची हौस. देवळाच्या सभामंडपात रात्री आठ ते दहा. पाहतो तर पेटी एक आणि पेटीवाले तीन! माझा नंबर चौथा. पखवाजावर नाना होते. वय ७४, पण हात असा पडायचा की सभामंडपाची फरशी बोलावी. त्यांनी माझी चौकशी केली, खुंटीवरचे टाळ काढले आणि माझ्या हातात देत म्हणाले, "सध्या हे घ्या."

खरं सांगतो, मला अपमान वाटला. वर्षभर फी भरून सारेगम घोटलं ते काय यासाठी?

पण त्याच रात्री अद्दल घडली. टाळ दिसायला सोपे, दोन वाट्या आणि एक दोरी. मात्र त्या धातूचा आवाज सगळ्यांच्या वरून जातो. पेटीवर एखादं बोट घसरलं तर ते पंधरा गळ्यांत बुडून जातं, चुकलेला टाळ बुडत नाही. दुसऱ्याच अभंगाला मी रंगात आलो, लय वाढवली आणि माझ्यामागं सगळं मंडळ पळत सुटलं. गाणाऱ्या वहिनींना श्वास घ्यायला जागा उरली नाही. उठताना नाना हळूच म्हणाले, "पखवाज ठेका धरतो, पण माणसं चालतात टाळाच्या मागं. हे हलकं काम नाही, बरं का!"

तेव्हापासून मी या प्रश्नाचा जरा नीट विचार करू लागलो. चार माणसांत बसून वाजवायचं, तर वाद्य कुठलं घ्यावं?

आपण बहुतेक जण पेटीकडं धावतो, कारण बोट ठेवलं की सूर तयार मिळतो. गंमत पाहा, हे वाद्य मूळचं आपलं नव्हे. पॅरिसमध्ये १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं गेलं. तिथं ते पायानं हवा भरून वाजवायचं होतं. आपल्याकडं ते जमिनीवर बसलं आणि एका हातानं भाता हलू लागला. आज ज्या आकाशवाणीवरून मी बोलतो आहे, तिथं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी होती. तिचे सूर जागच्या जागी बांधलेले, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप होता. तरीही भजनात तिला तोड नाही. पुरुष काळी एकमध्ये गातात, बायका काळी चार-पाचमध्ये; पेटीवाल्यानं बोटं सरकवली की झालं.

पखवाजाचं तसं नाही. त्याच्या उजव्या तोंडावर शाई असते, ते गट्टे ठोकून सुरात आणावं लागतं. डाव्या तोंडावर दर वेळी ओली कणीक थापायची आणि उठताना खरवडून काढायची. पट्टी फार बदलली तर दुसरा पखवाज लागतो. बासरीचंही तेच. एका बासरीवर सगळ्या पट्ट्या सोयीनं निघत नाहीत, म्हणून वाजवणारे झोळीत पाच-सहा घेऊन हिंडतात. तंबोऱ्याची सोय आता मोबाईलवरही होते.

म्हणून माझं मत असं झालं आहे. मंडळात जाताना "मला काय आवडतं?" एवढंच विचारू नये. "इथं काय कमी आहे?" हेही विचारावं. घरी वाजवायचं वाद्य आपल्या आवडीचं असावं, मंडळातलं मात्र मंडळाच्या गरजेचं.

हे बोलायला सोपं आहे. त्याची खरी परीक्षा माझी झाली नाही, नानांची झाली.

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगाचा हलका झटका आला. चालू-बोलू लागले, पण उजव्या हाताची बोटं पूर्वीसारखी उघडेनात. नाना मंडळात यायचे थांबले. पखवाज कोपऱ्यात गवसणीत राहिला. आम्ही महिनाभर नुसत्या टाळांवर भजन केलं. माणसं कमी होऊ लागली. कॉलनीतली नववीतली एक मुलगी तबला शिकत होती, तिला विचारलं. ती म्हणाली, "वाजवीन, पण नाना आजोबांच्या जागेवर मी बसणार नाही."

मी नानांकडं गेलो. पिशवीत टाळ होते. ते पाहताच नाना म्हणाले, "पखवाज वाजवणाऱ्याच्या हातात टाळ देता होय?" मी म्हणालो, "नाना, हे हलकं काम नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतंत. ते खरं होतं, की माझी समजूत घालत होता?"

नाना बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. काकूंनी चहा आणला, तो निवला. त्या गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाही. तिसऱ्या गुरुवारी आठ वाजून गेल्यावर काठी टेकत आले आणि त्या मुलीच्या शेजारी बसले. कणीक सैल झाली आहे म्हणून आधी तिला रागावले. मग उजव्या हातात एक टाळ नुसता धरून ठेवला आणि डाव्या हातानं दुसरा त्यावर वाजवू लागले. ती पोर ठेका सोडून धावू लागली की नानांचा टाळ तिला ओढून जागेवर आणायचा. बोलावं लागत नव्हतं.

पखवाजाची आठवण त्यांना येत नाही, असं मी म्हणणार नाही. भजन संपलं की ती मुलगी कणीक खरवडत असते आणि नाना डाव्या हातानं पखवाजावरून एकदा हात फिरवतात. पण गुरुवार चुकवत नाहीत.

माझी पेटी? ती घरी रोज सकाळी वाजते. मंडळात पाळी येते महिन्यातून एकदा, बाकीच्या गुरुवारी मी टाळकरी. तर श्रोतेहो, तुमच्या आसपास असं एखादं मंडळ असेल तर जरूर जा. पहिले दोन दिवस हात रिकामे ठेवून नुसतं ऐका. मग खुंटीवर जे वाद्य उरलं असेल, ते आधी घेऊन बघा.



(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)